सॉफ्टबॉल पिचरचा हात: ताकद कुठून येते?

गेल्या सत्रात मी आमच्या हाउसमधल्या एका ज्युनिअरला सॉफ्टबॉलचे पिचिंग शिकवले आणि ते चुकीचे शिकवले. तो सातवीत आहे. हाउसमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघेच, म्हणून मैदानावर तो मला 'सर' म्हणतो आणि डॉर्मिटरीत 'दादा'. सप्टेंबरमध्ये त्याचा उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखू लागला. एम. आय. रूममधून त्याला दोन आठवडे पी. टी. आणि खेळ बंद अशी चिठ्ठी मिळाली. त्याने कुणाकडे तक्रार केली नाही. "दादा, मीच नीट करत नसेन," एवढेच म्हणाला.

तो नीटच करत होता. मी सांगितले होते तसेच, रोज पन्नास वेळा, करत होता. म्हणून हा लेख लिहितो आहे. पिचरचा हात नेमका कसा चालतो हे मला दिवाळीच्या सुट्टीत कळले. ते ज्युनिअर कॅडेट्सना, आमच्या प्रशिक्षकांना आणि पालकांनाही कळावे असे वाटते.

आधी खेळाविषयी थोडेसे, कारण माझी आई फोनवर अजूनही 'तुझा तो बेसबॉल' असे म्हणते. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली अमेरिकेत शिकागो शहरात झाला. एका क्लबात बसलेल्या मंडळींनी बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि खेळ सुरू केला. तो चेंडू मऊ होता, आजचा नाही. आजच्या चेंडूचा घेर १२ इंच आणि वजन साधारण १८० ते २०० ग्रॅम असते. अंगावर बसला तर निळा डाग आठवडाभर राहतो.

बेसबॉलमध्ये पिचर खांद्यावरून फेकतो. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून टाकावा लागतो. नियम असा आहे की चेंडू सोडताना हात कमरेच्या खाली असला पाहिजे आणि मनगट कोपरापेक्षा शरीरापासून जास्त लांब असता कामा नये. अंतरही कमी असते. बेसबॉलचा पिचर साडेसाठ फुटांवरून फेकतो. सॉफ्टबॉलमध्ये पुरुषांसाठी ४६ फूट म्हणजे सुमारे १४ मीटर, आणि महिलांसाठी ४३ फूट म्हणजे सुमारे १३ मीटर अंतर असते. त्यातही पिचर मोठे पाऊल पुढे टाकून चेंडू सोडतो, म्हणजे आणखी दीड-दोन मीटर कमी. चांगल्या महिला पिचरचा चेंडू ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने येतो. तेव्हा बॅटरला चेंडू ओळखून बॅट फिरवायला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ मिळतो.

हा वेग येतो विंडमिल पद्धतीमुळे. पवनचक्कीच्या पात्यासारखा हात पूर्ण एक वर्तुळ फिरतो आणि कमरेजवळ चेंडू सुटतो. हात इतक्या जोरात फिरताना दिसतो, की सगळी ताकद हाताचीच आहे असे वाटते. माझी चूक इथूनच सुरू झाली.

मी काय शिकवत होतो ते सांगतो. मला एका सीनिअरने शिकवले होते आणि त्याला त्याच्या सीनिअरने. हात मागे गेला की तळहात जमिनीकडे. मग चेंडूला मागून ढकलायचे. कमरेजवळ मनगट जोरात झटकायचे आणि शेवटी कोपर वर उचलून कानाजवळ न्यायचे. या पद्धतीला इंग्रजीत 'हॅलो एल्बो' म्हणतात, कारण शेवटी कोपर समोरच्याला नमस्कार करते आहे असे दिसते. भिंतीसमोर तीन मीटरवर उभे राहून नुसत्या मनगटाने पन्नास चेंडू झटकायचे, हा त्याचा रोजचा सराव.

दिवाळीत मी अमरावतीला घरी गेलो. माझी मावसबहीण विद्यापीठाच्या संघात खेळते. तिने माझे दहा चेंडू पाहिले आणि विचारले, "अरे, तू चेंडू टाकतो आहेस की परेड करतो आहेस?"

मला राग आला, पण तिचे बरोबर होते. ड्रिलमध्ये आम्ही चार वर्षे एकच गोष्ट शिकतो: हात कोपरात सरळ, मूठ बंद, हात खांद्याच्या उंचीपर्यंत. कोपर जरा वाकले की उस्ताद लांबूनच ओरडतात. मैदानावर तोच हात घेऊन मी पिचिंग करत होतो. कोपर ताठ, मूठ घट्ट, खांदा आवळलेला.

ताईने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये माझा व्हिडिओ काढला, सेकंदाला २४० चित्रे असा. मग स्वतःचाही काढायला लावला. दोन्ही शेजारी लावून पाहिले. ती माझ्यापेक्षा बारीक आहे, दंडात माझ्याइतकी ताकद नाही, आणि तिचा चेंडू माझ्यापेक्षा वेगात जात होता. फरक हात फिरण्याच्या पद्धतीत होता. तो आता क्रमाने सांगतो.

समजा, पिचर उजव्या हाताचा आहे आणि आपण तिसऱ्या बेसजवळ उभे राहून त्याला बाजूने पाहतो आहोत. त्याचे तोंड आपल्या उजवीकडे, कॅचरकडे आहे. त्याच्या खांद्यावर एक मोठे घड्याळ लावले आहे अशी कल्पना करा. हात खाली लटकलेला असेल तेव्हा ६ वाजले. समोर सरळ असेल तेव्हा ३, डोक्यावर १२, आणि मागे ९. हात खालून पुढे, वर, मागे आणि पुन्हा खाली येतो, म्हणजे हे घड्याळ उलटे चालते: ६, ३, १२, ९ आणि परत ६.

६ ते १२. हा भाग फक्त तयारीचा. मागच्या पायाने पिचर्स प्लेटला जोरात रेटून शरीर पुढे झेप घेते आणि हात मोकळेपणाने वर जातो. खांदा कानाकडे उचलायचा नाही. वर पोहोचला की तळहात शरीरापासून बाहेर, तिसऱ्या बेसकडे पाहतो. छाती आणि कंबरही त्याच बाजूला उघडलेली असते. माझी चूक अशी की मी इथेच सगळा जोर लावून मोकळा होत असे.

१२ ते ९. पुढचा पाय जमिनीवर टेकतो तो हात वरून मागे उतरत असताना. पाय टेकला की तो भक्कम राहिला पाहिजे, गुडघ्यात कोसळता कामा नये. धावत्या बसला ब्रेक लागला की उभी माणसे पुढे फेकली जातात, तसे शरीर थांबते आणि त्याचा वेग हाताकडे जातो. ९ वाजता तळहात आकाशाकडे असतो. मी शिकवत होतो त्याच्या बरोबर उलट. कोपर किंचित वाकलेले असते.

९ ते ६. सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. इथे कोपर पुढे येते आणि चेंडू धरलेला पंजा त्याच्या मागे राहतो. कोपर बरगड्यांच्या जवळून उतरते. कंबर थोडी कॅचरकडे वळू लागते. मग कोपराच्या खालचा, करंगळीच्या बाजूचा हात कमरेच्या बाजूला हलका घासून जातो. ताई म्हणाली, "घासला नाही तर हात शरीरापासून लांब चालला आहे असे समज."

हे घासणे मला आधी चूक वाटले. वेगात जाणारा हात मध्येच अडवायचा कशाला? ताईने टॉवेलचे उदाहरण दिले, आणि ते प्रत्येक कॅडेटला चांगले माहीत आहे. अंघोळीनंतर ओल्या टॉवेलचा फटका मारायचा असेल तर आपण काय करतो? हात पुढे नेतो आणि एकदम थांबवतो. हात थांबला की टॉवेलचे टोक सपकन पुढे जाते. हात थांबवला नाही तर टॉवेल नुसता फडफडतो. पिचिंगमध्येही दंड कमरेजवळ मंदावतो आणि त्याचा वेग पुढच्या हाताला मिळतो. पुढचा हात मंदावतो, तो वेग पंजाला मिळतो, आणि पंजाचा बोटांना. मोठा आणि जड भाग थांबत जातो, लहान आणि हलका भाग वेग घेत जातो. पण टॉवेल ताठ असेल तर फटका बसेल का? वाळून कडक झालेल्या टॉवेलने प्रयत्न करून पाहा. माझा हात तसा कडक टॉवेल झाला होता.

६ वाजता. चेंडू सुटताना दोन वळणे एकाच वेळी होतात, आणि ती बसल्या जागी करून पाहता येतात. पहिले: उजवे कोपर बरगडीला टेकवा, हात कोपरात काटकोनात वाकवा आणि दार लोटल्यासारखा पंजा पोटाकडे आणा. कोपर जागचे हलले नाही, पण दंड खांद्याच्या सांध्यात स्वतःभोवती आत फिरला. दुसरे: तळहात आकाशाकडे ठेवा आणि कुलपात किल्ली फिरवल्यासारखा तो जमिनीकडे वळवा. हे कोपराखालच्या हाताचे वळण. या दोन्ही हालचाली फार वेगवान आहेत आणि चेंडूचा शेवटचा वेग त्यांतूनच मिळतो. ९ वाजता तळहात आकाशाकडे असेल, तरच त्या दोघींना फिरायला जागा उरते. तळहात आधीच जमिनीकडे वळवला तर किल्ली आधीच फिरून गेलेली असते. मग उरते फक्त ढकलणे, आणि ते ढकलणे खांद्याच्या पुढच्या स्नायूंना करावे लागते. माझ्या ज्युनिअरचा खांदा नेमका तिथेच दुखत होता.

मनगटाचे काय? मनगट हलते, पण ते आपोआप हलते. मागून आलेला वेग त्याला हलवतो. तो क्षण इतका लहान असतो की 'आता मनगट झटकू' असा विचार करायलाही वेळ नसतो. म्हणून नुसत्या मनगटाचे पन्नास झटके हा सराव सोडून द्यावा. त्यात मनगट आवळून धरायची सवय मात्र लागते. चेंडू तळहातात खुपसून धरायचा नाही. बोटांची टोके शिवणीवर आडवी ठेवायची, चेंडू आणि तळहात यांच्यात एक बोट मावेल एवढी फट ठेवायची. पंजा लहान असेल तर दोनऐवजी तीन-चार बोटे लावली तरी चालते.

चेंडू सुटल्यानंतर. हात कुठे न्यायचा याची काळजी करायची नाही. तळहात वळून आतल्या बाजूला येतो, कोपर सैल वाकते आणि हात छातीसमोर येऊन आपोआप थांबतो. कोपर मुद्दाम कानाकडे उचलायचे नाही. व्हिडिओत मला आणखी एक गंमत दिसली. माझ्या दहा चेंडूंपैकी सर्वांत वेगवान दोन चेंडूंत मी कोपर उचलायला विसरलो होतो.

आता दुखण्याविषयी. खालून चेंडू टाकणे नैसर्गिक आहे, त्याने खांद्याला काही होत नाही, असे मी अनेकांकडून ऐकले आहे. पदार्थविज्ञानाच्या सरांच्या मदतीने मी एक हिशेब केला. वर्तुळात फिरणारी वस्तू बाहेर निसटू पाहते, तिला आत ओढून धरावे लागते. ही ओढ वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या एवढी असते. चेंडू ०.१९ किलो, वेग सेकंदाला २२.५ मीटर, खांद्यापासून चेंडूपर्यंत ०.७ मीटर धरले तर उत्तर सुमारे १३७ न्यूटन येते. म्हणजे १४ किलो वजन हाताला लटकवल्यासारखे. घरच्या सिलिंडरमध्ये जेवढा गॅस असतो, जवळपास तेवढे. आणि हे फक्त चेंडूचे झाले. हाताचे स्वतःचे वजन चेंडूच्या कितीतरी पट असते, तेही असेच बाहेर ओढत असते. मोठ्या पिचर्सची मोजमापे घेणाऱ्या अभ्यासकांना खांद्यावरची ही ओढ शरीराच्या वजनाच्या जवळपास पोहोचलेली आढळली आहे. एका चेंडूत एकदा. एका सामन्यात शंभर वेळा.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनो यांनी दोन दिवसांत तीन सामने टाकले, एकूण ४१३ चेंडू, आणि अमेरिकेला हरवून सुवर्णपदक मिळवले. नंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून वगळला गेला. तो परत आला तेव्हा, २०२१ साली टोकियोत, वयाच्या ३९ व्या वर्षी त्या पुन्हा अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध उतरल्या आणि पुन्हा जिंकल्या. हे वाचून ज्युनिअर कॅडेट्सना ४१३ चेंडू टाकायची इच्छा होईल. कृपया टाकू नका. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते: तेरा वर्षांनंतरही तो खांदा शाबूत होता.

सुट्टीनंतर मी नव्याने सराव सुरू केला. त्याचा क्रम देतो.

१. आधी अंग गरम करणे. आमच्याकडे डिसेंबरच्या सकाळी बोटे वाकत नाहीत, तेव्हा मैदानाला दोन फेऱ्या मारल्याशिवाय चेंडू हातात घ्यायचा नाही.

२. हातात लहान टॉवेल धरून पूर्ण वर्तुळ फिरवायचे. टॉवेलचा 'सप' आवाज कमरेजवळ आला तर बरोबर. डोक्यावर किंवा मागे आला तर जोर आधीच संपतो आहे.

३. भिंतीसमोर उजव्या गुडघ्यावर बसून, हात ९ वाजता तळहात वर करून ठेवायचा आणि तिथूनच खाली आणून चेंडू सोडायचा. दर वेळी हात कमरेला घासला का, ते पाहायचे.

४. उभे राहून, पाऊल न टाकता पूर्ण वर्तुळ. वेग अर्धाच.

५. शेवटी पाऊल टाकून पूर्ण पिच. पिचर्स प्लेटपासून होम प्लेटपर्यंत चुन्याची रेघ मारायची. पाय रेघेवर किंवा तिच्या अगदी जवळ पडला पाहिजे. पाय फार आडवा पडला तर कंबर वाटेत येते आणि हाताला तिला वळसा घालावा लागतो.

प्रत्येक चेंडू वहीत मोजायचा. मी रोज साठच्या वर जात नाही आणि आठवड्यातून दोन दिवस टाकतच नाही.

फायदा झाला का? दिवाळीत माझा चेंडू हातातून सुटल्यापासून कॅचरच्या ग्लोव्हपर्यंत व्हिडिओत १४८ चित्रे लागत होती. जानेवारीत, तेवढ्याच अंतरावर, १३० लागली. अंतर १२.२ मीटर धरले तर वेग ताशी ७१ वरून ८१ किलोमीटर झाला. दंडाचा घेर मात्र तेवढाच आहे, मी मोजला.

प्रशिक्षकांना एक विनंती आहे. ड्रिलच्या तासानंतर लगेच पिचिंगचा सराव असेल तर पाच मिनिटे हात सैल करायला द्यावीत. ताठ हात ही ड्रिलची शान आहे, पण चेंडूला ती कळत नाही. पालकांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी फोनवर 'खांदा थोडा दुखतो' असे म्हणाली तर 'सवय होईल' असे म्हणू नये. इथे आम्ही दुखणे लपवायला फार लवकर शिकतो. स्नायू थकणे वेगळे आणि सांध्याच्या पुढच्या बाजूला टोचणे वेगळे. टोचत असेल तर त्याच दिवशी थांबायचे आणि एम. आय. रूम गाठायची.

सीनिअरांनी, म्हणजे मी, काय करायचे? सुट्टीवरून आल्यावर पहिल्याच रविवारी मी ज्युनिअरला मैदानावर बोलावले आणि सांगितले की चूक तुझी नव्हती, माझी होती. त्याला काय बोलावे कळेना. "ठीक आहे सर," म्हणाला. मग आम्ही टॉवेल घेतला. तीन आठवडे चेंडूला हात लावू दिला नाही, फक्त टॉवेल, आणि नंतर गुडघ्यावर बसून भिंत.

परवा त्याने पहिल्यांदा पूर्ण पिच टाकली. चेंडू कॅचरच्या डोक्यावरून गेला आणि मेसच्या भिंतीवर आपटला. त्याने घाबरून माझ्याकडे पाहिले. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. कोपर सैल होते, हात कमरेला घासून गेला होता आणि खांदा दुखत नव्हता. नेम पुढच्या सत्रापर्यंत येईल.